पेलेल तेवढा माउंट

हॉकर, दक्षिण ऑस्ट्रेलिया
१४ एप्रिल १९८५

प्रिय मायरा,

दर नाताळच्या कार्डावर सही करण्यापलीकडे गेल्या अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. आहेच काम.

मी धंदा बंद केला. पस्तीस वर्षं लोकांच्या पवनचक्क्या दुरुस्त केल्या. हॉकरपासून मारीपर्यंत अशी एक चक्की नाही, जिच्या डोक्यावर बसून मी डबा खाल्ला नाही. पुरे झालं. हात आहेत तोवर एखादी गोष्ट स्वतःसाठी करावी म्हटलं.

पुढच्या वर्षी हॅलेचा धूमकेतू येतोय. मार्च-एप्रिलमध्ये तो आपल्याच बाजूच्या आकाशात नीट दिसणार, असं पेपरात आलंय. मला त्याचा फोटो काढायचाय. नुसता बघायचा नाही. इथले जुने पाद्री गाव सोडून गेले, तेव्हा त्यांचा पंप दुरुस्त करून दिल्याबद्दल त्यांनी मला त्यांची दुर्बीण दिली. आठ इंची आरसा, नळी झकास. पण ती बसवलीय सफरचंदाच्या खोक्यांच्या फळ्यांवर. बोट लावलं की चंद्र नाचतो. म्हणजे आता तिला माउंट हवा, नळी घट्ट धरून हवी तशी फिरवणारी बैठक. ॲडलेडच्या दुकानाच्या यादीत दोन आहेत. एक हलका, एका हाताने उचलावा असा. दुसरा जर्मन पद्धतीचा, मोटरवाला, भलता जड.

आपल्या खानदानात आकाशातलं कळणारी तू एकटी. कुठला घेऊ?

डल्सी म्हणते, "जन्मभर वर चढलास, आता खाली बसून वर बघ की. फोटो कशाला?" बायको म्हणून तिचं बरोबरच आहे.

अक्षर कोंबडी नाचल्यासारखं आलंय. कुंपणाची तार अंगठ्यात घुसली, त्यामुळे.

तुझा,
ऑल्विन

ओमारू, न्यूझीलंड
३ मे १९८५

प्रिय ऑल्विन,

अकरा नव्हे, बारा वर्षं. मी मोजमापं करणारी बाई आहे, माझ्यापुढे आकडे फेकू नकोस.

पण तुझं पत्र आलं आणि मी त्या दिवशी टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या मैत्रिणींकडे पत्ते खेळायला गेले नाही, एवढं सांगते. आपल्या घरात मला कुणी कधी आकाशाबद्दल प्रश्न विचारलेला नाही. तुझे वडील म्हणायचे, "मायराला नवरा मिळाला नाही म्हणून ती तारे मोजते." काका गेले. तारे मी अजून मोजतेय, तीस वर्षं झाली. कुठला किती मंदावला, कुठला उजळला, हे दर महिन्याला इथल्या खगोल संस्थेला कळवते.

आता ऐक. जड घे.

नुसतं बघायचं असतं तर हलका चालला असता. फोटो म्हणजे वीस-वीस मिनिटं फिल्म उघडी ठेवायची, आणि तेवढा वेळ पृथ्वी फिरतेय. नळीला ताऱ्यामागून केसाचाही फरक न करता सरकत राहायला हवं. ते काम माउंटचं. लोक नळीवर खर्च करतात आणि माउंटवर वाचवतात, आणि मग वर्षभराने सगळंच विकायला काढतात. मी स्वतः एक्कावन्न साली हलका घेतला. दरवाजा आपटला तरी तारे बेडकाच्या पिल्लांसारखे यायचे, डोकं आणि शेपूट. तीन वर्षं वाया गेली.

अंगणात काँक्रीटचा खांब ओत, त्यावर माउंट कायमचा बसव. आपल्या बाजूला ध्रुवतारा नाही, त्यामुळे त्याचा आस नेमका दक्षिण ध्रुवाकडे रोखायला, म्हणजे दिशा साधायला, तुला आठवडे लागतील. पण एकदा साधली की साधली.

आणि जड म्हणून कसला घाबरतोस? स्वतःच्या लग्नात बिअरचं पिंप एकट्याने खांद्यावर घेऊन आलास, मी डोळ्यांनी पाहिलंय. डल्सीची आई किंचाळली होती.

मायरा

हॉकर
३० जून १९८५

प्रिय मायरा,

दुकानदाराला फोन केला. मोठा माउंट अडतीस किलोचा, वर तोल साधायची वजनं वेगळी. मी विचारलं, "सुटे भाग होतात का?" तो म्हणाला, "दोन होतात. पण मुख्य भाग एकच, तो एका माणसाने उचलायचा नाही." मी म्हटलं, "का, दोघांनी उचलला तर हलका होतो?" हसला नाही. शहरातले दुकानदार हसत नाहीत.

तुझं म्हणणं पटतंय मला. पण दोघांच्या मधला एखादा नसतो का? वीसेक किलोचा? किंवा असं बघ, वीसऐवजी पाच मिनिटांचा फोटो काढला तर हलका पुरेल का? थोडे तारे हलले तर हलले. मी काही वेधशाळा काढत नाहीये.

खांब ओतायचं मनावर घेतो. जमीन इथे कुदळ मोडेल अशी आहे.

हे पत्र टाइप केलंय, कारण डल्सीला महिला मंडळाच्या कामासाठी टाइपरायटर मिळालाय आणि मला खेळायला नवीन खेळणं हवं होतं. एका बोटाने टाइप करतो. चूक झाली तर बोटाला बोल लाव.

ऑल्विन

ओमारू
१८ जुलै १९८५

ऑल्विन,

पाच मिनिटं? वीस किलो? "हलले तर हलले"?

तू हे बोलत नाहीयेस. डल्सी बोलतेय ना? तिला सांग, हा खेळ नाही. मी इथल्या संस्थेत तुझं नाव दिलंय. धूमकेतूच्या दक्षिणेतल्या फोटोंची त्यांना गरज आहे. शेपटी रोज बदलते, आणि एकेका रात्रीची नोंद कुणीतरी कुठून तरी करायला हवी. तुमच्या भागासारखं काळंभोर, कोरडं आकाश आमच्याकडे कुठलं? इथे समुद्रावरून ढग येतात आणि पाय पसरून बसतात. चिटणीसांना मी सांगून बसलेय की माझा चुलत भाऊ पवनचक्क्यांचा माणूस आहे, लोखंडाशी त्याची दोस्ती आहे, त्याचे फोटो स्वच्छ येतील.

आता मला तोंडघशी पाडू नकोस. अडतीस किलोला भिणारा ऑल्विन मला माहीत नाही. हात काय शोभेला लावलेत? ऑर्डर दे. नाहीतर पुन्हा मला सल्ला विचारू नकोस.

मायरा

हॉकर
८ सप्टेंबर १९८५

प्रिय मायरा,

दिली ऑर्डर. जडच. आता खूश?

खांबही झाला. शेजारचा क्लेम आला होता मदतीला. त्याने खड्डा खणला, मी त्याच्या चुका काढल्या. कंबरेएवढा उंच, वर लोखंडी पट्टी. क्लेम म्हणाला, "यावर काय पुतळा बसवणार?" मी म्हटलं, "हो, माझाच."

दुकानदार म्हणतो, जपानहून यायला दोन महिने लागतील. तोवर मी आकाशाचे नकाशे पाठ करतोय. खरं सांगू? बरं वाटतंय. कित्येक महिन्यांनी कशाची तरी वाट बघतोय.

चिटणीसांना सांग, फोटो येतील.

ऑल्विन

हॉकर
२४ नोव्हेंबर १९८५

मायरा,

मी डल्सी. आपण माझ्या लग्नात एकदा आणि सासऱ्यांच्या अंत्यविधीला एकदा भेटलो. तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. ऑल्विनला ती उघडून द्यावी लागत होती.

माउंट पाच तारखेला ट्रकने आला. मी दात दाखवायला पोर्ट ऑगस्टाला गेले होते. क्लेम संध्याकाळी येणार होता, तेव्हा दोघांनी मिळून तो बसवायचा असं ठरलं होतं. ऑल्विनला दम निघाला नाही. त्याने तो ढकलगाडीत घालून खांबापर्यंत नेला. एवढं कसं जमलं देव जाणे. मग उचलला. छातीपर्यंत आला असेल, तिथे हातांनी दगा दिला. माउंट मांडीवर पडला आणि हाड मोडलं. सकाळी दहापासून मी येईपर्यंत, म्हणजे चार वाजेपर्यंत, तो उन्हात पडून होता. त्या दिवशी एकेचाळीस अंश होतं. मी धावत गेले तर म्हणतो कसा, "माउंटला काही झालं नाही ना बघ."

आता तुम्हाला सांगते. त्याने मला बजावलं होतं, सांगायचं नाही म्हणून. अंगठ्यात तार वगैरे काही घुसली नव्हती. त्याने तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या महिनाभर आधी ॲडलेडच्या डॉक्टरांनी निदान केलं होतं. आजाराचं नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. औषध नाही. धंदा त्याने बंद केला नाही. पाना हातातून सुटून खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याशेजारून गेला, त्या दिवशी तो शिडी उतरला आणि परत चढला नाही.

मी त्याला म्हणायचे, मायराला खरं सांग, ती हलका घे म्हणेल. तो म्हणायचा, "अख्ख्या हॉकरमध्ये माझ्याशी बोलताना आवाज न बदलणारा माणूस उरलेला नाही. एकटी मायरा अजून शिव्या घालते. ती शिल्लक राहू दे."

मी काहीच अडवलं नव्हतं. तुम्ही तसं लिहिलंत म्हणून सांगते.

डल्सी पॅस्को

ओमारू
९ डिसेंबर १९८५

प्रिय डल्सी,

तुमचं पत्र मिळून आठवडा झाला. "हात काय शोभेला लावलेत" हे वाक्य मी लिहिलं. मला ते कसं लिहिलं तेही आठवतंय, लिहून झाल्यावर मी हसले होते.

तुमची माफी मागून काही होणार नाही, तरी मागते. मी तिकडे येऊ का? मला स्वयंपाक येतो, रात्री जागायची सवय आहे. तुम्ही नको म्हणालात तरी मी समजू शकते.

माउंट विकून टाका. दुकानदाराला मी स्वतः लिहीन. ऑल्विनला काय लिहू ते मला समजत नाही. सोबत त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे, योग्य वाटली तर द्या.

मायरा

हॉकर
१९ जानेवारी १९८६

मायरा,

लिहितेय डल्सी, बोलतोय मी. ती काही गाळायला लागली की मी ओरडतो, आणि माझं ओरडणं आता कुत्र्यालासुद्धा समजत नाही, म्हणून ती मुकाट्याने लिहितेय.

तुझी चिठ्ठी वाचली. "धीर धर, देव पाठीशी आहे." मायरा पॅस्को आणि देव! तुझ्या चिठ्ठीला अंत्यविधीच्या फुलांचा वास येत होता. पुन्हा असलं लिहिलंस तर पाकीट न उघडता परत पाठवीन. येऊ नकोस. आलीस की तूही उशी नीट करायला लागशील.

मी तुला एक प्रश्न विचारला होता आणि खोटी माहिती देऊन विचारला होता. चूक माझी. आता खरी माहिती देऊन विचारतो. माणूस साठीचा. हात खांद्यापासून गेलेले. पाय मोडलेला, तोही आता जुळून उपयोग नाही. मान पाच मिनिटं धरवते. डोळे उत्तम. धूमकेतू येतोय. कुठला माउंट घेऊ?

खरं सांग. तू खरं सांगतेस म्हणून तुला विचारतो.

ऑल्विन
(त्याने हे सगळं सांगायला दोन दिवस घेतले. डल्सी.)

ओमारू
५ फेब्रुवारी १९८६

ऑल्विन,

तीन उत्तरं लिहिली आणि चुलीत घातली. हे चौथं.

तुला पेलेल असा माउंट जगात नाही. हलका नाही, जड नाही. नेत्रिकेपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, मान वाकवायला लागते, ती तुला वाकवता येणार नाही. दोन डोळ्यांनी बघायची द्विनेत्री धरायला हात लागतात. म्हणजे दुर्बिणीतून तू धूमकेतू बघणार नाहीस. हे खरं.

पण तुला बघायचा नव्हता, फोटो काढायचा होता. फोटोला डोकं तुझं आणि हात डल्सीचे, असं जमू शकतं. क्लेमने आणखी एका माणसाला घेऊन माउंट खांबावर चढवावा. मग दिशा साधायची. पद्धत सोबतच्या कागदांवर लिहिलीय, आकृत्यांसकट. डल्सीने नेत्रिकेतून तारा बघायचा, कुठे सरकतो ते तुला सांगायचं, तू सांगशील तो स्क्रू तिने फिरवायचा. पंधरा रात्री लागतील. मार्चअखेर चांदणं आहे, म्हणजे आताच लागा कामाला. एप्रिलच्या नऊ तारखेला अमावस्या. तेव्हा तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ असेल.

संस्थेला मी अजून काही कळवलेलं नाही. तुझं नाव यादीत आहे.

मायरा

हॉकर
२१ एप्रिल १९८६

मायरा,

सोबत फिल्मच्या पट्ट्या पाठवत आहे. पोर्ट ऑगस्टाच्या फोटोवाल्याने धुतल्या. मला त्यातलं काही कळत नाही.

तुम्ही लिहिलंत तसं केलं. क्लेमने आणि त्याच्या मेहुण्याने माउंट चढवला. बाहेरून फक्त रंग खरवडलेला होता. पलंग आम्ही अंगणात काढला. तुम्हाला सांगते, पहिले आठ दिवस आम्ही दोघं इतके भांडलो की लग्नाच्या तेहतीस वर्षांत भांडलो नसू. मी म्हणायचे, "तारा खाली गेला." तो विचारायचा, "नेत्रिकेत खाली की आकाशात खाली?" मी म्हणायचे, "मला काय माहीत, खाली म्हणजे खाली!" तेव्हा त्याचे शब्द मला अजून कळत होते. ते दिवस बरे होते.

मग तारा एका जागी थांबायला लागला. सात मिनिटं नीट थांबायचा आणि एकदम उडी मारायचा. पुन्हा सात मिनिटं, पुन्हा उडी. ऑल्विन ऐकत होता. मोटरच्या आवाजावरून त्यालाच आधी कळलं. आतला दांडा वाकलाय, म्हणाला. पडला तेव्हाच वाकला असणार. नवा दांडा जपानहून यायला दोन महिने. क्लेमने खोलून ठोकून बघितला, त्याने अजून बिघडला.

तरीही अमावस्येच्या पुढच्या रात्री आम्ही नळीला कॅमेरा लावून फोटो काढले. उडी मारायच्या आत नळीवर झाकण लावायचं, असं त्याने ठरवलं. मी घड्याळ धरून बसले.

धूमकेतू डोक्यावर होता. मी कल्पना केली होती तसं काही नव्हतं. काचेवर कुणी श्वास सोडावा तेवढा डाग. ऑल्विन पलंगावर उताणा होता, त्याला तो सरळ दिसत होता. तो काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मी विचारलं, तो परत बोलला. तिसऱ्यांदा बोलला. बराच वेळ लागला त्याला, चार-पाच शब्द असावेत. मी म्हटलं, "हो, सुंदर आहे." त्याने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर तो बोललेला नाही. बोलतच नाही आता.

फोटोंचं तुम्ही काय म्हणता, याची तो वाट बघतोय. मला लवकर कळवा. एकही चांगला असला तरी पुरे.

डल्सी

ओमारू
६ मे १९८६

ऑल्विन,

हे पत्र तुझ्यासाठी आहे. डल्सी, शब्द न बदलता वाचून दाखवा.

बावीस फोटो भिंगाखाली धरून बघितले. एकही कामाचा नाही. नऊ फोटोंत मोटरने उडी मारलेली आहे. सहांत फोकस साधलेला नाही, सगळं धुरकट. बाकीच्यांत धूमकेतू आहे, पण तो कुठल्या बाजूला शेपूट टाकतोय हे मलाही सांगता आलं नसतं. संस्थेला पाठवण्यात अर्थ नाही. मी पाठवणार नाही.

आणखी एक सांगायचंय, ते ऐकायला तुला त्रास होईल, मला सांगायला होतोय. नळी, माउंट, मोटर सगळं बाजूला ठेवून नुसता कॅमेरा साध्या तिपाईवर ठेवला असता, आणि पंधरा सेकंद झाकण काढलं असतं, तर याहून बरा फोटो आला असता. लहान आला असता, पण धूमकेतू ओळखू आला असता. ती तिपाई डल्सीने एका हाताने उचलली असती. हे मला फेब्रुवारीत सुचायला हवं होतं. तू पहिलं पत्र लिहिलंस तेव्हाच सुचायला हवं होतं. मी जड, जड करत राहिले, कारण मी एक्कावन्न सालची माझी चूक दुरुस्त करत होते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतच नव्हते.

तू खरं सांग म्हणालास म्हणून.

मायरा

हॉकर
९ जून १९८६

मायरा,

तुमचं पत्र पाकिटावरच्या शिक्क्याप्रमाणे सोळा मेला इथे आलं. ऑल्विन तीस मेच्या सकाळी गेला. पोस्टाचा दोष नाही. पत्र चौदा दिवस माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं.

त्याला मी ते वाचून दाखवलं नाही. शेवटी तो डोळ्यांनी बोलायचा. एकदा मिटले म्हणजे हो, दोनदा मिटले म्हणजे नाही. पत्र आलं त्या दुपारी त्याने पोस्टमनच्या गाडीचा आवाज ऐकला होता. मी आत जाऊन सांगितलं, "मायराचं पत्र आलंय. एक फोटो चांगला आलाय म्हणते. संस्थेला पाठवणार आहे."

त्याने डोळे दोनदा मिटले.

मी म्हटलं, "अरे खरंच. तिने लिहिलंय." त्याने पुन्हा दोनदा मिटले. मी पत्र काढून त्याच्यापुढे धरायला हवं होतं. नाही धरलं. सूप गरम करायला गेले. त्यानंतर मी काहीही विचारलं, पाणी हवंय का, कूस बदलू का, की तो नुसता बघत राहायचा. एकदाही मिटले नाहीत, दोनदाही नाहीत.

माउंट क्लेम आणि त्याचा मेहुणा रविवारी उतरवणार आहेत. दुकानदार परत घेत नाही म्हणाला. पट्ट्या तुमच्याकडेच राहू द्या.

तुमचं पत्र मी काल पुन्हा वाचलं. ते त्याला आवडलं असतं, हे मला कळतं. मला नाही आवडलं.

डल्सी